घराला शिव्या घालण्याची दुपार

माझं माहेर गिरगावातलं, त्यामुळे माझी जीभ लग्नाआधीच पुरेशी तिखट झालेली होती. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मला सासर मिळालं ते घाटकोपरचं. टेकडीच्या पायथ्याशी वाडी, मधोमध अंगण, अंगणात विहीर, तिन्ही बाजूंनी बैठ्या कौलारू खोल्या, आणि दिवे लागले की टेकडीवरून कोल्हेकुई. माहेरच्या बायका विचारायच्या, "तिकडे माणसं राहतात का गं?" मी म्हणायची, राहतात, आणि सगळी आमच्याच ओसरीवर राहतात.

त्या ओसरीवर सासूबाईंचं राज्य होतं आणि राज्यात एक कायदा होता. घरात अभद्र बोलायचं नाही, कारण वास्तू सतत तथास्तु म्हणत असते. हे वाक्य माझ्या आईच्याही तोंडी असायचं, पण गिरगावच्या गोंगाटात वास्तूला काही ऐकू जात असेल असं मला कधी वाटलं नाही. इथं शांतता होती आणि वास्तूचे कान शाबूत होते. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. मी एकदा "तेल संपलं" म्हणाले, तर सासूबाईंनी मला उंबऱ्याबाहेर नेलं, परत आत आणलं आणि नव्यानं बोलायला लावलं. मीही काही कमी नव्हते. स्वयंपाकघरात एकटी असले की आढ्याकडे बघून हळूच म्हणायची, "उद्या पोळ्या दुसरं कोणीतरी करो." वास्तूनं त्याला एकदाही तथास्तु म्हटलं नाही, त्यामुळे माझा तिच्यावरचा विश्वास तेव्हाच डळमळला होता.

त्या वर्षी श्रावणात पाऊस दिवसचे दिवस हटेना आणि ऐन नागपंचमीच्या दुपारी वाडीमागची दरड खाली आली. उतारावर कुडाच्या भिंतींच्या काही झोपड्या होत्या. बाकीच्या वाचल्या, पण टेकडीला अगदी पाठ टेकून बांधलेली एक मातीखाली गेली. ती एका मालवणी कुटुंबाची होती. बाप गिरणीत पाळीवर होता, आई नळावर, सात-आठ वर्षांची मुलगी दाराबाहेर, आणि आत पाळण्यात तान्हा मुलगा. वाडीतले पुरुष कुदळी-फावडी घेऊन धावले. पाळणा ज्या वाशाला टांगला होता तो तिरपा पडल्यामुळे खाली पोकळी राहिली होती आणि तिच्यात पोर रडत होतं. रडतंय म्हणजे जगलंय, असं एकमेकांना सांगत सगळे बाप्येही रडायला लागले. बाळाचा पाय मोडला, मुलीची लाडकी शेळी गेली, आणि घर म्हणून जे काही होतं ते मातीत मिसळलं.

सासूबाईंचं मोठेपण इथं सांगायलाच हवं. वाडीच्या मालकाला त्यांनी हाताला धरून आणलं, टोकाची रिकामी खोली उघडायला लावली, स्वतःची लुगडी काढून दिली आणि त्या आईला समोर बसवून भात भरवला. ती बाई घास गिळत होती, पण बोलत नव्हती आणि पुढंही फारशी बोलली नाही. झोपही तिला लागत नसे. कधीही डोकवावं तर बाळाच्या पायाच्या प्लास्टरवर हात ठेवून बसलेली.

मुलगी मात्र खोलीत पाऊल टाकेना. टोकाच्या खोलीत नाही, आमच्या ओसरीवर नाही, कुणाच्याच घरात नाही. उचलून नेलं तर दोन्ही हात तोंडावर दाबून धरायची आणि पकड सैल होताच बाहेर पळायची. मालकाचा एक जुना टांगा घोडा गेल्यापासून अंगणात रुतून पडला होता. त्यात तिनं बिऱ्हाड मांडलं. वरचं कापड फाटकं होतं, त्यावर बापानं गोणपाट टाकलं आणि रात्री तोही चाकाला टेकून झोपू लागला. दिवसा ही पोर टांग्यात उभी राहून अखंड बडबडायची. विहिरीवर कुणी कुणाची बादली पळवली, कुणाच्या नवऱ्यानं आज दाढी केली नाही, सगळ्या बातम्या तिच्याकडे. टोकाच्या खोलीतून कुणी बाहेर आलं की पहिला प्रश्न, "बाळ काय करता?" स्वतः मात्र दारापर्यंतसुद्धा जायची नाही.

सगळ्यांनी निदान केलं की पोरीनं छपराची धास्ती घेतली आहे. मी म्हटलं, "टांग्यालाही छप्परच आहे की." आमचे हे म्हणाले, "ते कापडाचं आहे." नव्या सुनेच्या प्रश्नाला इतकं उत्तर पुरे, असं घरात सर्वांचंच मत पडलं.

मग सासूबाईंनी कायद्याला पुरवणी जोडली. पोरीच्या कानावर 'दरड' जायचं नाही, 'कोसळणं' जायचं नाही, 'पडणं' तर मुळीच नाही. आता मराठी बोलताना 'पडणं' टाळून बघा. पाऊस पडेना, तो यायला लागला. मुलांच्या क्रिकेटमध्ये विकेट जाऊ लागली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज ओसरीवर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. एके दिवशी ते "फ्रान्समधलं सरकार" इथवर आले आणि थांबले. सासूबाईंनी डोळे वटारले. मामंजींनी चष्मा पुसला आणि वाचलं, "फ्रान्समधलं सरकार आता नाही." समोरचे काका घाबरून विचारू लागले, "नाही म्हणजे? गेलं कुठं?" खुद्द सासूबाईंना पडसं झालं तेव्हा त्यांनी ते नाव घेतलं नाही, नुसतं नाकाकडे बोट दाखवलं. पोर टांग्यातून हे सगळं टक लावून बघायची. मोठी माणसं एखादा शब्द तोंडातल्या तोंडात गिळताना दिसली की तीही ओठ घट्ट मिटायची. आम्हाला वाटायचं, चला, जपतोय आपण तिला.

नवरात्र जवळ आलं, पाऊस ओसरला आणि पावसाळ्यात बंद असलेली कोकणची बोट सुरू झाली. बापानं ठरवलं, पोरीला मामाकडे गावी पाठवायची. त्याचंही चूक नव्हतं. पोटची पोर किती दिवस टांग्यात ठेवणार? थंडी आली की काय करणार? गावची एक बाई दसऱ्यानंतर बोटीनं निघणार होती, तिची सोबत मिळत होती. मामाकडे एकदा गेलेली मुलगी परत कधी येईल हे कुणी सांगत नव्हतं, आणि गिरणीतल्या माणसाला गाव वर्षावर्षानं दिसतं हे सगळ्यांना माहीत होतं. आईनं ऐकलं आणि नुसती मान हलवली. त्या दुपारी मी तिच्याकडे दूध द्यायला गेले तर ती पोरीच्या परकराला ठिगळ लावत होती, आणि सुई ओवता येत नव्हती इतके डोळे भरलेले. माझं डोकं फिरलं. कुणावर रागवावं कळेना, म्हणून मी सगळ्यांवर रागावले.

त्याच रागात दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडी पेटवायला बसले. कोळसे ओले. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं, आणि गिरगाव तोंडातून बाहेर आलं. "आग लागो या घराला," मी चांगली ठणकावून म्हणाले.

अंगणातून किंकाळी आली. पोर टांग्यातून उडी टाकून आमच्या पायरीशी धावली आणि "भायर येवा, सगळी भायर येवा" म्हणून ओरडू लागली. सासूबाई देव्हाऱ्यापुढून उठून आल्या, मामंजी अर्धी दाढी तशीच ठेवून आले, हे बनियनवर आले. पोरीनं एकेकाला ओढून अंगणात उभं केलं. आम्ही सगळे घराकडे बघत राहिलो. घरातून माझ्या शेगडीचा धूर तेवढा येत होता.

"काय बोललीस तू?" सासूबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "किती वेळा सांगितलं, वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणता," पोरगी गंभीरपणे म्हणाली. "माका ठावक आसा."

सासूबाईंना जरा बरं वाटलं असावं. मी पोरीपुढं उकिडवी बसले आणि विचारलं, तुला गं कसं ठाऊक?

मग ती भडाभडा बोलली. नागपंचमीला सगळ्या मुली झोक्यावर गेल्या होत्या. आईनं हिला घरात ठेवलं, गळतीखाली भांडी लाव आणि बाळाला जोजव म्हणून सांगितलं. हिनं थोडा वेळ भांडी लावली, मग टोप आपटला, छपराकडे बघून "पड एकदाचा मेल्या" म्हणाली आणि तरातरा बाहेर गेली. पाठ वळवली आणि घर पडलं.

"मी म्हटलंय म्हणान पडला," ती म्हणाली. "आता मी घरात जाणंय नाय. परत काय तोंडातसून गेला तर?"

ही पोर छपराला भीत नव्हती. ती वाडीतल्या सगळ्या घरांना स्वतःच्या जिभेपासून वाचवत होती. टांग्याला वास्तू नसते, म्हणून टांगा. आणि आम्ही दोन महिने शब्द गिळून गिळून तिला रोज पटवत होतो की बाई गं, तुझा हिशेब बरोबर आहे.

पहिला इलाज मामंजींनी केला. त्यांनी टांग्याच्या पायरीवर बसून माती, मुरूम, झिरपणारं पाणी आणि टेकडीचा उतार हे सगळं काडीनं जमिनीवर काढून समजावलं. पोरीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पण ता मी म्हटल्यावर पडला." मामंजी काडी टाकून चहाला आले. मग वाडीतले गुरुजी म्हणाले, टोकाच्या खोलीत वास्तुशांत करू. मी म्हटलं, म्हणजे गुरुजी, पोरीनं वास्तू बिघडवली हे तुम्ही मंत्र म्हणून पक्कं करणार. गुरुजी माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले की सून हुशार आहे. ही स्तुती नव्हती.

माझ्या मनात वेगळंच शिजत होतं. दुपारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या, तिथं जाऊन मी सांगितलं. सगळ्या बायकांनी आपापल्या घराला पोरीदेखत शिव्या घालायच्या, अगदी पोटभर. घरं उभी राहिली की पोरीला दिसेल.

"माझ्या जिभेवर ते येणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग तिला सांगा की घर तिनंच पाडलं."

त्यांचा हात सुपात थांबला. "तसं कसं सांगू," म्हणाल्या. मग, "तुम्ही काय ते करा. मी देवळात जाते." पण गेल्या नाहीत. जपाची माळ घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसल्या आणि मणी ओढत सगळं बघत राहिल्या.

पुरुष कचेरीला गेलेले. मामंजी आत वामकुक्षीत. पोर टांग्याच्या बैठकीवर उभी. पहिली शेजारीण आपल्या दारात गेली, पदर खोचला आणि म्हणाली, "कौलं फुटोत तुझी."

"ती फुटलेलीच आहेत," मी म्हटलं, "दुसरं काहीतरी म्हण."

मग तिला जोर चढला. ओल आलेल्या भिंती, उंदरांची बिळं, न लागणारी कडी, एकेकाचा तिनं उद्धार केला. पलीकडची, जिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, ती आधी पुटपुटली, "कोसळ." मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं की तिला धरून विहिरीवर नेऊन पाणी पाजावं लागलं. तिसरीनं सुरुवात घरापासून केली आणि बघता बघता जावेवर आली. "घराला घाला, जावेला नको," मी आठवण करून दिली. "तिच्यामुळेच तर घरात जीव नकोसा होतो," ती म्हणाली, आणि मग दोघांनाही घातल्या. मी आमच्या स्वयंपाकघरावर जे तोंडसुख घेतलं ते लिहिण्याजोगं नाही. इतकी मजा मला लग्नातही आली नव्हती.

पोरगी एकेक छप्पर न्याहाळत होती. शेवटी तिनं निकाल दिला, "तुमची घरा तुमचा ऐकणत नाय. आजीचा ऐकतला. आजी देवाचा करता."

सगळ्या ओसरीकडे वळल्या. सासूबाईंची माळ थांबली. मला वाटलं, आता त्या खरंच देवळात निघून जातील. त्या उठल्या आणि आत गेल्या. पाठोपाठ आवाज आला, "अहो, जरा अंगणात येऊन झोपता का?"

"बघा," टांग्यातून पोर म्हणाली, "आजोबांका भायर काढल्यान."

हे सासूबाईंनी ऐकलं. मग मामंजींचाच झोपाळू आवाज आला, "मी इथंच झोपतो. तू काय ते बोलून टाक आणि चहा ठेव."

आम्ही दारातून बघत होतो. सासूबाई माजघराच्या मधोमध उभ्या राहिल्या. आधी हात जोडून त्यांनी वास्तूची क्षमा मागितली. मग वर बघितलं. इतक्या वर्षांत ज्या घरात त्यांनी दिवासुद्धा विझू दिला नव्हता, त्या घराला त्या म्हणाल्या, "पड." आवाज कापला, म्हणून परत म्हणाल्या, "पड बाबा." मला त्या वेळी हसू आलं नाही. त्या बाईबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते मी त्यांना पुढं कधी सांगितलंही नाही.

आणि नेमकी पाल चुकचुकली. बोललेलं खरं होण्याचीच ती खूण. सगळ्या बायकांनी एकदम "कृष्ण कृष्ण" म्हणून जमिनीवर बोटं वाजवली आणि वर पाहिलं. आढं जागच्या जागी होतं. मामंजी कुशीवर वळले.

मी विजयानं पोरीकडे बघितलं. ती म्हणाली, "आजीच्या घराच्यो भिंती विटांच्यो. आमचा कुडाचा होता."

आता मात्र माझी वाट लागली. इतका खटाटोप करून पोर होती तिथंच होती. बाकीच्या बायका चहाचं बघायला हळूहळू उठू लागल्या.

तेवढ्यात टोकाच्या दारातून आवाज आला. पोरीची आई बाळाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. बाळाचा प्लास्टरचा पाय तिच्या कमरेवरून आडवा बाहेर आलेला.

"मी रोज म्हणत होतंय," ती म्हणाली.

"काय म्हणत होतंस?" पोरीनं विचारलं.

"पडांदे एकदाचा ह्या घर. गळूक लागला काय रोज म्हणत होतंय, भांडी लावताना."

"रोज?"

"रोज. तू तरी खयसून शिकलंस? माझ्याच तोंडातसून."

पोरीनं विचार केला. तिचा विचार करताना कपाळाला पडणाऱ्या आठ्या मला अजून दिसतात. "आणि रोज म्हटलंस तरी ता पडला नाय?"

"खय पडला? इतके पावसाळे उभाच होता."

"मगे मी एकदाच म्हटलंय," पोर सावकाश म्हणाली, "तेना कसा पडात?"

पोरगी टांग्यातून उतरली, अंगण ओलांडून तरातरा आईसमोर जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. "मगे माका आधी कित्याक सांगलंस नाय?"

"माका वाटला, माझ्याच तोंडान पडला," आई म्हणाली. "तुका खयच्या तोंडान सांगतलंय?"

ती बाई उंबऱ्यात खाली बसली आणि दरड आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. एकाच गोष्टीसाठी आई खोलीत जागत होती आणि पोर टांग्यात बसून होती, आणि आम्ही सगळ्या भल्या बायका मध्ये उभं राहून दोघींना गप्प बसवत होतो. मला माझ्या सगळ्या हुशारीची त्या क्षणी लाज वाटली, आणि रागही आला, आणि मीही रडले. सासूबाई आधीपासूनच रडत होत्या.

पोरीनं बाळाला आईच्या कडेवरून घेतलं. प्लास्टर जड होतं, ती एका बाजूला कलली, तशीच आईला ओलांडून आत गेली आणि भिंतीशी मांडी घालून बसली. बाळानं तिच्या वेणीचं टोक तोंडात घातलं. आम्ही आत डोकावलो तर म्हणाली, "काय बघतास? दिसणा नाय काय, बाळ निजता तो?"

बाप पाळी संपवून आला तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. त्यानं सवयीनं आधी टांग्यात बघितलं. टांगा रिकामा बघून त्याच्या हातातला डबा गळाला, आणि मला ओसरीवर बघून तो कसाबसा म्हणाला, "वैनी, चेडू खय गेला माझा?"

मी उत्तर द्यायच्या आधी टोकाच्या दारात पोर आली. दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवून उभी राहिली आणि बापाला दबक्या आवाजात म्हणाली, "हळू. आई निजली हा."